आज रोख, उद्या उधार: गिफ्ट व्हाउचरला अनावृत पत्र

प्रिय गिफ्ट व्हाउचर,

माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात तू अजून आहेस. सोनेरी किनार, कोपऱ्यात लाल रिबिनीचं चित्र, मधोमध छापलेली रक्कम: दोन हजार रुपये. तुझी मुदत संपायला चार महिने आहेत. तुला छापणारं दुकान मात्र संपलं.

तुला मी घेतलं ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलीसाठी. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. रोख दिले तर ते सिलिंडरला नाहीतर घरभाड्याला जातील, पोरीच्या अंगावर नवा ड्रेस काही येणार नाही, असं माझ्या मनात आलं. म्हणून रस्त्यावरच्या त्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात गेले आणि तुला घेऊन आले. मुलीने तुला लगेच वापरलं नाही. कॉलेज सुरू होताना ड्रेस घ्यायचा म्हणून पाच आठवडे देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं. मग एका रविवारी मायलेकी दोन बस बदलून दुकानात गेल्या. ड्रेस निवडला, घालून पाहिला, बिलाच्या रांगेत उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या मुलाने तुला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "व्हाउचर सध्या बंद आहेत. मॅनेजरना विचारा." मॅनेजर नव्हते. मागे रांग होती. दोघी ड्रेस तिथेच ठेवून परत आल्या.

पंधरा दिवसांनी त्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. मावशी तुला घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचे पैसे बुडाले हो." वाईट त्यांना माझं वाटत होतं. मी तेवढे पैसे त्यांच्या हातात ठेवले, ड्रेसही आला. पण भरल्या रांगेत सोळा वर्षांच्या मुलीच्या हातून ड्रेस काढून घेतला गेला, ते काही मला भरून देता आलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे किराणा दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी असायची, अजूनही कुठे कुठे दिसते: 'आज रोख, उद्या उधार'. उधारी म्हणजे काय हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. माल गेला आणि पैसे आले नाहीत, तर तो बुडणार. आता तुझा व्यवहार बघ. मी दोन हजार रोख मोजले आणि माल घेतला नाही. माल कधीतरी, कुणीतरी, नंतर घेणार होतं. म्हणजे त्या दिवशी मी दुकानाला दोन हजारांची उधारी दिली. बिनव्याजी, बिनतारणाची, परतफेडीची तारीख नसलेली. साध्या पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं तर दोन जामीनदार आणा म्हणतात. मी त्या दुकानाकडे काहीच मागितलं नाही, कारण मी कर्ज देते आहे हेच मला कळलं नव्हतं. तुझ्यावर रिबीन होती, 'शुभेच्छांसह' असं छापलेलं होतं. प्रॉमिसरी नोट इतकी देखणी असेल असं कुणाच्या मनात येईल?

आणि हे कर्ज मी कधी दिलं? बाकी सगळ्यांनी हात आखडता घेतला तेव्हा. आता आठवते तशी ती भेट डोळ्यांपुढे येते. निम्मे एसी बंद होते. वरचा मजला दोरी बांधून बंद केलेला. रॅकवर एकाच रंगाचे शर्ट ओळीने लावलेले, कारण दुसरे नव्हतेच. जून महिन्यात, कुठलाही सण नसताना, पन्नास टक्के सवलतीचे फलक. आणि गल्ल्यावरची मुलगी आवर्जून सांगत होती, पाच हजारांचं व्हाउचर घेतलं तर पाचशेचं फुकट. दुकानाला नवा माल भरायला पैसे नव्हते आणि आम्हा गिऱ्हाइकांना मात्र ते दहा टक्के जास्त देऊ करत होतं. त्यात काही काळंबेरं आहे, असं मनात यायला हवं होतं.

दुकान मरायला लागलं की सगळ्यांत आधी कळतं ते पुरवठादाराला. तो आधी साठ दिवसांची उधारी तीसवर आणतो, मग म्हणतो रोख द्या आणि माल न्या. ब्रिटनमध्ये तर पुरवठादार आपल्या उधारीचा विमा उतरवतात. विमा कंपनीने एखाद्या दुकानाचं संरक्षण काढून घेतलं की त्या दुकानाच्या नाकातोंडात पाणी जायला लागतं. कॉमेट या विजेच्या उपकरणांच्या साखळीचं २०१२ मध्ये असंच झालं. फेब्रुवारीत ती नाममात्र दोन पौंडांना विकली गेली, विमेकऱ्यांनी संरक्षण द्यायचं नाकारल्यावर पुरवठादार मालाचे पैसे आधी मागू लागले, आणि नोव्हेंबरात सव्वादोनशेहून जास्त दुकानांची ती साखळी दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. बँक थांबते, विमेकरी थांबतो, घाऊक व्यापारी थांबतो. रांगेत शेवटचा सावकार उरतो तो गिऱ्हाईक. त्याच्याकडून पैसे घ्यायचं साधन म्हणजे तू.

एचएमव्हीची गोष्ट तर तुला माहीतच असेल. ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे कान लावून बसलेला तो कुत्रा आमच्या घरातही होता. भीमसेन जोशींच्या, लताबाईंच्या तबकड्यांवर त्याचं चित्र फिरत राहायचं. त्याच नावाचं पहिलं दुकान लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९२१ मध्ये उघडलं, संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते. पुढे ब्रिटनभर त्याची साखळी झाली आणि नाताळला पोराबाळांना, भाच्या-पुतण्यांना एचएमव्हीचं गिफ्ट कार्ड द्यायची पद्धत पडली. २०१२ च्या नाताळातही लोकांनी ती घेतली. १५ जानेवारी २०१३ ला डेलॉइटचे लोक प्रशासक म्हणून नेमले गेले आणि जाहीर झालं की गिफ्ट कार्डं स्वीकारली जाणार नाहीत. नाताळ होऊन तीन आठवडेच झाले होते. मुलं खिशात कार्डं घेऊन दुकानांत येत होती. दुकानं उघडी, सीडी-डीव्हीडींनी रॅक भरलेले, पंचवीस टक्के सवलतीचा सेल जोरात. रोख पैशांना सगळं मिळत होतं, तुझ्या बदल्यात काहीही नाही. देशभर संताप उसळला आणि आठवड्याभरात, २२ जानेवारीपासून, कार्डं पुन्हा चालू झाली.

ती चालू झाली यात कायद्याचा हात नव्हता, हे मला तुझ्यापुढे ठासून सांगायचं आहे. गिऱ्हाइकांना दुखावून चालू धंदा विकता येणार नाही, असा प्रशासकांचा हिशेब झाला. कायद्याच्या लेखी कार्डधारक तारण नसलेले धनको होते. तो हिशेब उलटा पडला असता, तर ती मुलं वर्षभराने पौंडामागे काही पेन्स मिळतील या आशेवर अर्ज भरत बसली असती.

दर वेळी नियम वेगळा आणि तो त्या त्या दिवशी ठरलेला. २०१६ मध्ये ब्रिटनमधलीच बीएचएस ही जुनी साखळी कोसळली. तिथे प्रशासकांनी तुझ्याकडून बिलाची निम्मीच रक्कम घ्यायची ठरवलं, उरलेली निम्मी रोख भरायची. अमेरिकेत शार्पर इमेज या दुकानांच्या साखळीने २००८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गिफ्ट कार्डं थांबवली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा घेतली, पण अट घातली की कार्डाच्या किमतीच्या दुप्पट खरेदी करावी लागेल. म्हणजे आपलेच पैसे वापरायला खिशातून तेवढेच आणखी घालायचे. २०२३ मध्ये बेड बाथ अँड बियाँड या तिथल्याच साखळीने २३ एप्रिलला अर्ज केला, कार्डं ८ मेपर्यंत चालतील असं सांगितलं. जेमतेम पंधरा दिवस. त्या पंधरवड्यात बातम्या न वाचलेली आजी, आजारी असलेला माणूस, परगावी गेलेली मुलगी यांच्या हातात नुसतं प्लास्टिक राहिलं.

पण माझ्या मनातून जात नाही ती फेअरपाकची हकीकत. ती दुकानाची नव्हे, आपल्या भिशीसारख्या बचतीची आहे. फेअरपाक ही इंग्लंडमधल्या स्विंडनची कंपनी. कामकरी घरांतली माणसं, बहुतेक बायका, वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पौंड भरायच्या. नाताळ आला की त्या रकमेचा खाऊचा हारा नाहीतर दुकानांची व्हाउचर घरी यायची. पैसे गोळा करायला एजंट असत, आणि एजंट म्हणजे कोण? शेजारीण, बहीण, ऑफिसातली मैत्रीण. बँकेत मुद्दाम ठेवायचे नाहीत, कारण बँकेत ठेवले की मधल्यामध्ये खर्च होतात. मुलांच्या नाताळचे पैसे कुणाच्याही हाताला लागू नयेत म्हणून ते दूर ठेवायचे. आपल्याकडची बाई दिवाळीच्या फराळाचे पैसे भिशीत टाकते ती याच विचाराने.

१३ ऑक्टोबर २००६ ला, नाताळ दहा आठवड्यांवर असताना, फेअरपाक बुडाली. एक लाखाहून जास्त कुटुंबांचे पैसे अडकले, एका घराचे सरासरी चारशे पौंडांच्या आसपास. एजंट बायकांचं काय झालं असेल ते मी माझ्या आईच्या भिशीवरून समजू शकते. पैसे कंपनीने बुडवले तरी ते हातातून हातात दिले होते त्या बाईच्या. तिलाच गल्लीतून रोज चालायचं होतं.

तुझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. हे आठवड्याचे पौंड कुठल्या वेगळ्या तिजोरीत नव्हते. ते कंपनीच्या नेहमीच्या खात्यात जात आणि त्या खात्यावर बँकेचं कर्ज होतं. बायका पैसे भरत राहिल्या, तसतशी बँकेची बाकी कमी होत गेली. अगदी शेवटच्या काही दिवसांत संचालकांनी नव्याने येणारे पैसे वेगळे, विश्वस्त म्हणून ठेवायची धडपड केली. फार उशीर झाला होता. २०१२ मध्ये संचालकांविरुद्धची कारवाई अर्ध्यावर थांबली तेव्हा न्यायाधीशांनी बँकेच्या वागण्यावर कडक शब्दांत टीका केली आणि त्यानंतर, मधल्या काळात ती बँक विकत घेतलेल्या लॉइड्स बँकेने ८० लाख पौंड आणखी दिले. पैसे हाती यायला सहा वर्षं लागली आणि पूर्ण रक्कम तेव्हाही मिळाली नाही. २००६ ला पाच वर्षांचं असलेलं मूल तोवर अकरा वर्षांचं झालं.

तिथल्या कायदा आयोगाने २०१६ मध्ये एक सबंध अहवाल याच विषयावर दिला: दुकान बुडाल्यावर आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकांचं काय. नाताळच्या बचत योजनांवर नियंत्रण हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ते म्हणायला फेअरपाकनंतर दहा वर्षं जावी लागली.

आता आपल्या घरात ये. महाराष्ट्रात तुझी सख्खी चुलत बहीण सराफाच्या दुकानात बसते: मासिक हप्त्यांची सोन्याची योजना. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आमचा. अकराच हप्ते का? कारण मालासाठी घेतलेले आगाऊ पैसे कंपनीने ३६५ दिवसांत मालात वळते केले नाहीत, तर कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ती ठेव ठरते आणि ठेवींचे सगळे निर्बंध लागू होतात. म्हणून योजना वर्षाच्या आत आटोपायची. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवली आणि ठाणे भागात एका सराफी पेढीची दुकानं अचानक बंद झाली. पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले. मुलीच्या लग्नासाठी महिन्याला दोन-तीन हजार भरणाऱ्या बायका बंद दुकानांपुढे उभ्या होत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले होते. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, लोक रस्त्यावर आले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचं विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. फ्लॅटसाठी पैसे भरून बसलेल्यांसाठी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा कायदा बदलला, त्यांना बँकांच्या बरोबरीने धनकोंच्या बैठकीत जागा मिळाली. ते दोन्ही योग्यच झालं. तुझ्यासाठी मात्र कुणी मोर्चा काढत नाही. दोन हजारांसाठी कोण काढणार? रक्कम लहान लहान, माणसं विखुरलेली, एकमेकांना न ओळखणारी. हजारो घरांतले असे दोन-दोन हजार एकत्र केले की एखाद्या आजारी दुकानाचा महिन्याचा पगार निघतो, आणि दुकानाला ते बरोबर ठाऊक असतं.

बिग बझारची एक योजना अनेकांना आठवत असेल: दहा हजार भरा आणि बारा महिने दर महिन्याला हजाराची खरेदी करा. ती सुरू झाली तेव्हा फ्यूचर समूह देशातल्या बड्या किरकोळ विक्रेत्यांपैकी एक होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये थकलेल्या भाड्यापोटी त्यांची कित्येक दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली, जुलैत फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. केवढं नाव, केवढी गर्दी, २६ जानेवारीच्या सेलला दारात होणारी चेंगराचेंगरी! नाव मोठं असलं की पैसे सुरक्षित, हा समज आपण मनातून काढायला हवा.

कायद्याने तुला कुठे बसवलं आहे तेही सांगते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ म्हणजे पंगतीतला वाढपाचा क्रम. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांचं दोन वर्षांचं देणं. मग इतर कर्मचारी. मग तारण नसलेले वित्तीय धनको. मग सरकारी देणी. त्यानंतर 'उरलेली देणी', आणि तू तिथे. तुझ्यानंतर फक्त भागधारक. वाढपी तुझ्या पानापर्यंत येतो तेव्हा भांडं खरवडून झालेलं असतं. ग्राहक न्यायालयात जावं, तर प्रक्रिया सुरू होताच कलम १४ खाली कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. दाव्याचा अर्ज भरून द्यायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात राहतं. दोन हजारांसाठी मावशींनी तो अर्ज कुठे भरायचा?

तुझ्यात दोन जाती आहेत हे फार थोड्यांना माहीत आहे. अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड द्यायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. एका कार्डात दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम भरता येत नाही, आणि कार्ड देणारी संस्था बँक नसेल तर लोकांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. कंपनीला स्वतःच्या खर्चासाठी त्यांना हात लावता येत नाही. पण एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं व्हाउचर काढलं, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि ते एस्क्रो खातंही नाही. माझ्या खणात पडलेलं तू त्या दुसऱ्या जातीचं. तुझे दोन हजार त्याच संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यात मिसळले. कदाचित वीजबिलात गेले असतील, कदाचित त्या काउंटरवरच्या मुलाच्या थकलेल्या पगारात.

म्हणून माझं मागणं एकच आहे, आणि ते तुझ्या वतीने सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे आहे. जो नियम पहिल्या जातीला आहे तो दुसरीलाही लावा. निदान मोठ्या साखळ्यांना लावा. माल हातात पडेपर्यंत व्हाउचरचे पैसे वेगळ्या खात्यात राहू देत. फेअरपाकच्या संचालकांनी शेवटच्या दिवसांत जे करू पाहिलं, ते पहिल्या दिवसापासून सक्तीचं करा. व्यापाऱ्यांना त्रास होईल, खेळतं भांडवल अडकेल, असं म्हटलं जाईल. ते भांडवल त्यांचं नाहीच. आणि पगार थकलेल्या, पुरवठादारांनी उधारी बंद केलेल्या दुकानाने तुला विकणं ही फसवणूकच आहे, मग कायद्याच्या पुस्तकात तिचं नाव काहीही असो. उद्या आपण असू की नाही हे ज्या मालकाला ठाऊक नाही, त्याने उद्याचा शब्द विकू नये.

तुला मी फाडून टाकणार नाही. मावशींच्या मुलीने तुझ्यामागे पेन्सिलीने ड्रेसचा रंग लिहून ठेवला आहे, 'आकाशी'. यापुढे मात्र मी पाकिटात रोख घालेन, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असेल. ते पैसे सिलिंडरला गेले तर जाऊ देत. तो निर्णय त्या घराचा आहे, तो मी माझ्या हातात घ्यायला नको होता.

आणि हे पत्र जो कुणी वाचतो आहे त्याला विनंती: कपाटात, पर्समध्ये, देवाच्या फोटोमागे याची भावंडं असतील तर आज काढा. सणाची, सेलची, मोठ्या खरेदीची वाट पाहू नका. या शनिवारी दुकानात जा आणि ती वापरून टाका.

तुझी,
एक ग्राहक